विकत घेतलेला मॉडेम कोणाच्या मालकीचा?

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम वापरू इच्छिणाऱ्या माणसाला जाणकारांकडून पहिला सल्ला मिळतो तो असा : "आधी यादी पाहा, मग मॉडेम विकत घ्या." सल्ला देणारे बहुधा भले लोक असतात. कोणता मॉडेम लिनक्सवर चालतो, कोणता अर्धवट चालतो आणि कोणता मुळीच चालत नाही, याच्या याद्या त्यांनी पदरमोड करून आणि रात्री जागून तयार केलेल्या असतात. पंचवीस-तीस वर्षे हे काम अव्याहत चालू आहे. त्या निरलस श्रमांबद्दल मनापासून कृतज्ञता व्यक्त करूनही असे म्हणणे भाग आहे की, हा सल्ला आपल्याला एका अन्यायाची सवय लावतो. टोलनाका चुकवणाऱ्या आडवाटांचा नकाशा वाटसरूच्या उपयोगी पडतो, यात शंका नाही. परंतु रस्ता कोणी अडवला, कोणत्या अधिकाराने अडवला, याचा जाब त्या नकाशामुळे कोणी विचारत नाही. उलट, नकाशा जितका चांगला, तितका नाका अधिक निर्धास्त.

मॉडेमचा प्रश्न हा थोड्याशा संगणकवेड्यांच्या छंदाचा प्रश्न आहे, अशी समजूत आपल्या डाव्या-समाजवादी वर्तुळातही प्रचलित आहे. ती चुकीची आहे. घरातील यंत्र आणि बाहेरचे जग यांच्यामधला दरवाजा म्हणजे मॉडेम. त्या दरवाजाची किल्ली कोणाकडे असावी, हा मालकीचा प्रश्न आहे आणि मालकीचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे.

एका वाचनालयाचा अनुभव

तत्त्वचर्चेआधी एक अनुभव सांगतो. २००२ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कामात प्रस्तुत लेखकाचा थोडाफार सहभाग होता. एका हितचिंतकाने वाचनालयाला दोन वापरलेले संगणक देणगी म्हणून दिले. संगणक आले, पण त्यांवर चालवायला कायदेशीर विंडोज विकत घेणे वाचनालयाच्या तुटपुंज्या अनुदानात बसणारे नव्हते. अभियांत्रिकीला शिकणाऱ्या गावातल्या दोन मुलांनी एका इंग्रजी संगणक मासिकाबरोबर आलेली लिनक्सची तबकडी आणली आणि दोन रविवार खपून दोन्ही यंत्रे चालू केली. पडदा, कळफलक, छपाईयंत्र सारे काही सुरळीत झाले. ग्रंथपालांच्या चेहऱ्यावरचा आनंद आजही आठवतो. एक पैसाही न देता आणि कोणाची चोरी न करता वाचनालय संगणकयुगात आले होते.

अडले ते मॉडेमपाशी. दूरध्वनीची तार सरकारी कंपनीची होती, जोडणीचे शुल्क भरलेले होते, रेल्वे भरतीचे आणि स्पर्धा परीक्षांचे निकाल पाहण्यासाठी मुले रांग लावून उभी होती. पण संगणकाच्या पोटात बसवलेला मॉडेम लिनक्सशी एक अक्षर बोलेना. शेवटी तो काढून दुकानदाराकडे नेला. त्याने तो दुसऱ्या संगणकात बसवून पाहिला आणि म्हणाला, "काका, मॉडेममध्ये काहीच बिघाड नाही. तो विंडोजचा आहे."

हे वाक्य नीट ऐकण्यासारखे आहे. मॉडेम बनवला एका कंपनीने, ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या कंपनीची, पैसे मोजले तिसऱ्याने, आणि मॉडेम मात्र "विंडोजचा"! बैलगाडी विकत घ्यावी आणि ती अमुक एका सावकाराच्या बैलांनाच जुंपता येते असे नंतर कळावे, तसा हा प्रकार. संगणकाबाहेर ठेवण्याचा, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा मॉडेम बाजारात होता. पण त्याची किंमत कितीतरी पट अधिक. ती रक्कम म्हणजे वाचनालयाच्या काही महिन्यांच्या नियतकालिकांचा खर्च. पंधरा दिवस वाट पाहून त्याच मुलांनी एके संध्याकाळी कोणालाही न सांगता विंडोजची चोरीची प्रत त्या यंत्रांवर चढवली. मॉडेम लगेच चालू झाला. ग्रंथपालांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. पुस्तक आठ दिवस उशिरा आणणाऱ्याकडून दंड घेणाऱ्या त्या सज्जन माणसाला त्या दिवशी मान खाली घालावी लागली. सॉफ्टवेअरच्या चोरीबद्दल कंपन्या आपल्याला नीतीचे पाठ देतात, तेव्हा मला ती झुकलेली मान आठवते. प्रामाणिक राहण्याचा रस्ता त्या माणसाने शोधला होता. तो त्याच्यासाठी कोणी बंद केला?

बिघाड कोठे आहे?

हे असे का घडले, हे समजून घेण्यासाठी मॉडेमचे काम थोडे पाहिले पाहिजे. दूरध्वनीची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी घातलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचा आवाज तिच्यातून धडपणे जातो. संगणकाची शून्य-एकची भाषा या पट्ट्यातील ध्वनीत गुंफायची आणि पलीकडून आलेला ध्वनी पुन्हा शून्य-एकमध्ये उलगडायचा, हे मॉडेमचे काम. पूर्वीच्या मॉडेममध्ये हे सारे काम यंत्राच्या आतच होत असे. गुंफण-उलगड करणारी एक चिप आणि तिच्यावर देखरेख करणारा एक नियंत्रक त्यात असे. संगणकाने फक्त साध्या अक्षरांत आज्ञा द्यायची. १९८१ साली हेज कंपनीने आपल्या स्मार्टमॉडेमसाठी आज्ञांची जी सोपी बोली ठरवली, 'एटीडीटी' आणि पुढे दूरध्वनीचा क्रमांक अशी, ती सगळ्या उद्योगाने उचलली. त्यामुळे डॉस असो, युनिक्स असो की लिनक्स असो, ज्याला सिरियल पोर्टवर चार अक्षरे पाठवता येतात त्याला मॉडेम चालवता येई. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम वापरता, असे मॉडेम विचारत नसे.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकांचे प्रोसेसर वेगवान झाले. तेव्हा उत्पादकांनी विचार केला की, मॉडेममधील महागडी चिप आणि नियंत्रक काढून टाकावेत आणि त्यांचे काम संगणकाच्या प्रोसेसरकडूनच करून घ्यावे. यू.एस. रोबोटिक्स कंपनीने अशा आपल्या मॉडेमला 'विनमॉडेम' असे व्यापारी नाव दिले आणि पुढे त्या संपूर्ण जातीलाच ते नाव पडले. कार्डावर उरले ते तारेला जोडणारे जुजबी भाग. बाकी सर्व मॉडेम म्हणजे तबकडीवरून येणारा एक ड्रायव्हर, आणि तो ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी, तोही यंत्रभाषेत बंदिस्त.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण या विषयावरील त्राग्यात तिची गल्लत होते. चिपचे काम सॉफ्टवेअरने करणे यात मुळात काही वाईट नाही. वस्तू स्वस्त होत असेल, धातू आणि श्रम वाचत असतील, तर समाजवाद्याने त्याचे स्वागतच करावे. किंबहुना सॉफ्टवेअरचा मॉडेम जुन्या मॉडेमपेक्षा अधिक मुक्त होऊ शकला असता. चिप बदलता येत नाही, सॉफ्टवेअर सुधारता येते. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने 'लिनमॉडेम' नावाचा मुक्त सॉफ्टवेअर-मॉडेम प्रायोगिक स्वरूपात लिहून हे काम खुलेपणाने करता येते असे दाखवलेही होते. अडचण तंत्रात नव्हती. यंत्राचा अर्धा भाग कार्डावरून उचलून सॉफ्टवेअरमध्ये नेला गेला आणि तो भाग ग्राहकाला विकलाच गेला नाही. केवळ अमुक एका मालकाच्या घरी वापरण्यापुरता उसना दिला गेला. किंमत कमी झाली ती यामुळेही. ग्राहकाला वाटले, मॉडेम स्वस्त झाला. वस्तुतः त्याने अर्धा मॉडेमच विकत घेतला होता. उरलेल्या अर्ध्या मॉडेमचे काम त्याच्याच प्रोसेसरच्या शक्तीवर, त्याच्याच विजेवर चालत होते आणि मालकी मात्र कंपनीकडे राहिली होती.

आता या व्यवहारात सार्वजनिक काय होते, ते पाहा. मॉडेमने तारेवर कोणती भाषा बोलायची, ती भाषा सार्वजनिक होती. १९९४चे 'व्ही.३४' आणि १९९८चे ५६ किलोबिट वेगाचे 'व्ही.९०' ही मानके आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवली. हा संघ संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे आणि भारत १८६९ पासून त्याचा सभासद आहे. आपल्याकडील तार सार्वजनिक होती. जनतेच्या पैशाने खांबाखांबावरून नेलेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने. तारेच्या दोन्ही टोकांना सार्वजनिक व्यवस्था, तारेवरची भाषा सार्वजनिक. गुप्त काय, तर ग्राहकाच्या टेबलावरील दोन वस्तूंनी एकमेकींशी कसे बोलायचे तेवढेच! मॉडेम जिनीव्हातील मानकाप्रमाणे साऱ्या जगाशी बोलतो, आणि ज्याने पैसे मोजले त्याच्याशी मात्र अबोला धरतो.

उपकाराची भाषा

मग लिनक्सवाल्यांना कंपन्यांनी काहीच दिले नाही काय? दिले, आणि कसे दिले, हे पाहण्यासारखे आहे. कोनेक्झंटच्या चिपांसाठी लिनुक्सँट नावाच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर काढला. फुकट मिणाऱ्या आवृत्तीत वेगाला १४.४ किलोबिटची मर्यादा घातलेली होती. म्हणजे ५६ किलोबिटचा मॉडेम विकत घेतलेल्या माणसाला त्याच्याच मॉडेमचा जेमतेम चौथा हिस्सा वापरायची मुभा. उरलेले तीन हिस्से हवे असतील, तर वेगळा परवाना विकत घ्या. जमीन विकत घेतल्यावर पीक काढण्यासाठी पुन्हा खंड भरावा, त्यातली ही रीत.

याच कंपनीचा २००४ सालचा एक प्रकार तर अभ्यासण्यासारखा आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये कोणताही ड्रायव्हर दाखल होताना आपला परवाना घोषित करतो. तो मुक्त नसेल तर कर्नल तशी नोंद करते आणि ताकीद देते. या ड्रायव्हरने आपल्या घोषणेत 'जीपीएल' ही मुक्त परवान्याची तीन अक्षरे लिहिली, लगेच पुढे 'शून्य' हे चिन्ह ठेवले आणि त्यानंतर, हा परवाना केवळ अमुक कप्प्यातील फायलींपुरता आहे, असा खुलासा जोडला. सी भाषेत शून्यचिन्ह म्हणजे मजकुराचा शेवट. त्यामुळे माणसाने वाचले तर पूर्ण वाक्य दिसे, आणि कर्नलने वाचले तर फक्त 'जीपीएल'. एकाच ताकीदीची वारंवार पुनरावृत्ती होऊन वापरणारे गोंधळून जाऊ नयेत म्हणून असे केले, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले. ते खरे मानले तरी प्रश्न उरतोच. ताकीद नकोशी होती, तर ताकीदीचे कारण दूर करता आले असते. त्याऐवजी पहारेकऱ्याला फक्त पहिली तीन अक्षरे दिसतील अशी व्यवस्था करण्यात आली.

बंदिस्त ड्रायव्हरचा दुसरा दोष काळाचा आहे. लिनक्सचे कर्नल सतत सुधारत असते. मूळ संकेत उपलब्ध असलेला ड्रायव्हर त्याच्याबरोबर चालतो. यंत्रभाषेत गोठवलेला ड्रायव्हर ठरावीक आवृत्तीला बांधलेला राहतो आणि कंपनीने नवा दिला नाही, की हातातले यंत्र निकामी होते. आणि कंपनी म्हणजे काही वटवृक्ष नव्हे. ल्युसेंटच्या मॉडेमचेच पाहा. ल्युसेंटपासून चिपांचा विभाग फुटून अगेर कंपनी झाली, अगेर २००७ मध्ये एलएसआयमध्ये विलीन झाली, एलएसआय २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि अवागोने पुढे ब्रॉडकॉम हे नाव धारण केले. दर खेपेला समभागांचा हिशेब चोख झाला. ज्याच्या घरी ल्युसेंटचा मॉडेम होता, त्याने ड्रायव्हर कोणाकडे मागायचा, हे मात्र कोणत्याही विलीनीकरणाच्या करारात लिहिले जात नाही.

तार गेली, कुलूप राहिले

"अहो, हा तर इतिहास झाला. आता तारेवरचे मॉडेम वापरतो कोण?" असा प्रश्न कोणी विचारील. खरे आहे, तार गेली. पण कुलूप गेले नाही.

तारेनंतर डोंगल आले. यूएसबीच्या खाचेत खुपसायचे, आत सिमकार्ड. यांपैकी अनेक डोंगल संगणकाला लावले की, 'मी मॉडेम आहे' असे सांगतच नसत; 'मी सीडी आहे' असे सांगत. त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असे. तो बसला की डोंगल आपले खरे रूप प्रकट करी. लिनक्सपुढे मात्र ते सीडीच्या सोंगातच बसून राही. 'यूएसबी-मोडस्विच' नावाचे एक छोटे मुक्त सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी लिहिले, एकेका डोंगलचे सोंग उतरवणारा परवलीचा संदेश शोधून काढला आणि त्यांची यादी केली. पुन्हा यादी! गंमत अशी की सोंग उतरल्यावर आत बहुधा तीच १९८१ सालची 'एटी' आज्ञांची साधी बोली सापडे. एवढा बंदोबस्त कशासाठी होता?

आज मॉडेम लॅपटॉपच्या आणि मोबाइलच्या पोटात आहे. इंटेलच्या 'एक्सएमएम ७३६०' या मॉडेमसाठी लिनक्सचा ड्रायव्हर कंपनीने सुरुवातीला दिला नाही. तो एका प्रोग्रामरने यंत्राचे वर्तन उलट बाजूने तपासून लिहिला. पुढच्या ७५६० या मॉडेमचा ड्रायव्हर मात्र इंटेलने स्वतः लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये दिला आणि २०२१ मध्ये तो सामील झाला. काल जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते आज शक्य कसे झाले? म्हणजे ते अशक्य कधीच नव्हते, इच्छा नव्हती.

मोबाइलची कथा याहून विलक्षण. आपल्या देशातील बहुसंख्य मोबाइल अँड्रॉइडवर चालतात आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचेच कर्नल आहे. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर शेतमजुराच्या खिशापर्यंत पोहोचले. परंतु त्याच मोबाइलमधील मॉडेम हा स्वतंत्र प्रोसेसर असलेला, स्वतःचे बंदिस्त सॉफ्टवेअर चालवणारा दुसरा संगणक आहे, आणि तो मोबाइलच्या मालकाला उत्तरदायी नाही. सॅमसंगच्या काही गॅलेक्सी मोबाइलमध्ये मॉडेमच्या विनंतीवरून मोबाइलमधील फायली वाचता-लिहिता येतील अशी तरतूद आढळल्याचे रेप्लिकंट या मुक्त प्रकल्पाच्या प्रोग्रामरांनी मार्च २०१४ मध्ये जाहीर केले होते. ती तरतूद कोणी गैरकामासाठी वापरली, असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याच्या खिशात ते यंत्र आहे त्याला ती असल्याचे सांगितले गेले नव्हते, आणि ती सापडली ती कंपनीने मूळ संकेत दिला म्हणून नव्हे, तर काही हट्टी माणसांनी कुलपाच्या भोकातून पाहिले म्हणून. आणखी एक विसंगती पाहा. पाइनफोन या लिनक्स-मोबाइलमध्ये क्वेक्टेल कंपनीचा जो मॉडेम बसवला आहे, त्याच्या आत स्वतःच एक लिनक्स चालते. स्वतःच्या कारखान्यात मुक्त सॉफ्टवेअर फुकट राबवून घ्यायचे आणि दारात आलेल्या मुक्त सॉफ्टवेअरला बाहेर उभे करायचे, असा हा मॉडेम-उद्योगाचा न्याय.

कंपन्यांचे युक्तिवाद

प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे हे वादाचे पथ्य आहे. पहिला युक्तिवाद असा की, लिनक्स वापरणारे थोडे. त्यांच्यासाठी ड्रायव्हर लिहिण्याचा खर्च परवडत नाही. हा युक्तिवाद वरवर रास्त वाटतो; पण मागणी ड्रायव्हर लिहून देण्याची नाहीच. यंत्राशी कसे बोलायचे, तेवढे कागदावर जाहीर करा, एवढीच मागणी आहे. लिनक्सचे प्रमुख प्रोग्रामर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जानेवारी २००७ मध्ये जाहीर आवाहन केले होते की, कोणत्याही कंपनीने यंत्राची माहिती द्यावी, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देऊ आणि सांभाळूही. शेकडो प्रोग्रामरांनी त्यासाठी तयारी दाखवली. त्यानंतरही जी कंपनी माहिती दडवते, ती खर्चाची सबब सांगू शकत नाही.

दुसरा युक्तिवाद व्यापारी गुपिताचा आणि पेटंटचा. पेटंट म्हणजेच शोध जाहीर करून मिळवलेली मुदतबंद मक्तेदारी. जे जाहीर केले म्हणून समाजाकडून मक्तेदारी घेतली, तेच पुन्हा गुपित म्हणून झाकायचे, हा दुहेरी लाभ आहे. आणि गुपित कोणापासून? प्रतिस्पर्धी कंपनीकडे प्रयोगशाळा असते, सूक्ष्मदर्शक असतात, पगारी अभियंते असतात. ती हवे ते शोधून काढते. गुपित खऱ्या अर्थाने राहते ते केवळ ग्राहकापासून.

तिसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. बिनतारी मॉडेम ध्वनिलहरींसारख्याच अदृश्य अशा रेडिओलहरी सोडतो. त्या किती तीव्रतेने, कोणत्या पट्ट्यात सोडायच्या यावर सार्वजनिक नियमन हवे. सर्व काही खुले केले तर त्यात ढवळाढवळ होईल. नियमन हवे, हे आम्हा समाजवाद्यांना कोणी शिकवायला नको. पण नियमनाच्या आड काय लपवले जाते, ते पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या नियमांकडे बोट दाखवून काही लॅपटॉपमधील मॉडेम कुलूपबंद विकले जातात; संगणकाने परवलीचा संदेश दिल्याशिवाय त्यांचा रेडिओ चालू होत नाही. नियमन रेडिओच्या तीव्रतेचे. बंधन मात्र ऑपरेटिंग सिस्टिमवर! रेडिओचा अंतर्भाग प्रमाणित करून बंद ठेवणे आणि 'जोड', 'तोड', 'माहिती पाठव' एवढ्या साध्या आज्ञांची भाषाही बंद ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूएसबी मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये मोबाइल मॉडेमसाठी 'एमबीआयएम' हे मानक प्रसिद्ध केले. जो मॉडेम ते पाळतो, तो लिनक्सच्या मुख्य कर्नलमधील सामान्य ड्रायव्हरवर चालतो. रेडिओलहरींची शिस्त त्यामुळे कोठे मोडल्याचे ऐकिवात नाही.

चौथा युक्तिवाद बाजारवाद्यांचा : "नको असेल तर घेऊ नका." निवड करायची तर माहिती हवी. मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आणि २०१९च्या कायद्याने तो कायम ठेवला. परंतु या यंत्राचा अर्धा भाग बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये आहे, असे किती मॉडेमच्या वेष्टनावर छापलेले असते? तेच चिन्ह, तेच नाव, तोच क्रमांक कायम ठेवून आतली चिप बदललेली असते, हा याद्या करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. त्यामुळे त्यांनी मोठ्या कष्टाने केलेली यादी छापून होईपर्यंत खोटी ठरते.

आपलेही थोडे चुकले

दोष सगळा कंपन्यांच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या अनेक पुरस्कर्त्यांनी, "चांगला महाग मॉडेम घ्या, स्वस्त कचरा घेऊ नका," असे वर्षानुवर्षे सांगितले. ज्याला महाग परवडते त्यालाच स्वातंत्र्य, हे सूत्र यात दडलेले आहे याची त्यांना जाणीव झाली नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतील झेरॉक्सच्या छपाईयंत्राच्या सॉफ्टवेअरचा मूळ संकेत मागितला असता त्यांना नकार मिळाला होता. म्हणजे या चळवळीचे बीजच, विकत आलेल्या यंत्राने आपल्या वापरणाऱ्याशी धरलेल्या अबोल्यात आहे. त्या चळवळीने यंत्राचा प्रश्न खरेदीच्या सल्ल्यावर सोडून द्यावा, हे तिच्या उगमाशी विसंगत आहे.

आणि आपण? गिरणी, जमीन, धरण यांची मालकी आपल्याला दिसते. ज्ञानाची मालकी दिसत नाही. वास्तविक दूरसंचाराच्या क्षेत्रात आपल्यापाशी स्वतःचा धडा होता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने ग्रामीण एक्स्चेंजची रचना केली आणि ते तंत्र एका कंपनीच्या हाती न देता अनेक उत्पादकांना परवान्याने दिले. सार्वजनिक ज्ञान आणि अनेक उत्पादक, हा मार्ग आपण चाललेलो आहोत. मॉडेमच्या वेळी तो आपल्याला आठवला नाही.

काय करता येईल?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अवलंबनाचे धोरण जाहीर केले. सी-डॅकचे नाव ज्याच्याशी निगडित आहे ते 'बॉस' हे भारतीय लिनक्स २००७ पासून उपलब्ध आहे. धोरण आहे, सॉफ्टवेअर आहे. पण ज्या यंत्रांवर ते चालायचे ती यंत्रे विकत घेताना ड्रायव्हरची अट घातली नाही, तर ते धोरण कागदावरच राहणार. म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात.

पहिली : सरकार, जिल्हा परिषदा, विद्यापीठे, अनुदानित शाळा व वाचनालये यांच्या पैशाने घेतल्या जाणाऱ्या कोणत्याही मॉडेमचा किंवा अन्य जोडयंत्राचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये असला पाहिजे, अथवा त्याच्याशी बोलण्याची संपूर्ण भाषा जाहीर झालेली असली पाहिजे. केरळच्या शालेय प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला; एवढा मोठा ग्राहक अट घालतो तेव्हा उत्पादकाला ऐकावे लागते. एकटा ग्रंथपाल घासाघीस करू शकत नाही. महाराष्ट्र शासन करू शकते.

दुसरी : यंत्र कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून आहे आणि आत कोणती चिप आहे, हे वेष्टनावर मराठीसह प्रादेशिक भाषांत छापणे बंधनकारक करावे.

तिसरी : कंपनीने एखाद्या यंत्राला ड्रायव्हर पुरवणे थांबवले, की त्याची माहिती खुली करण्याचे बंधन तिच्यावर असावे. मालक विकला गेला तरी हे बंधन नव्या मालकाकडे जावे.

चौथी : दोन सॉफ्टवेअरचा परस्परमेळ घालण्यासाठी आवश्यक ती माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल तर ती शोधून काढण्याची मुभा आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. हा हक्क आज कागदावर आहे, कारण तो बजावण्याची साधने व्यक्तीपाशी नाहीत. सी-डॅक, सी-डॉट आणि विद्यापीठांनी जनतेच्या वतीने तो बजावावा आणि जे हाती येईल ते मुक्त परवान्याने प्रसिद्ध करावे.

यांत क्रांतिकारक काय आहे? काहीच नाही. विकत घेतलेली वस्तू विकत घेणाऱ्याची असावी, एवढेच यात म्हटले आहे. खाजगी मालमत्तेचे पावित्र्य अष्टौप्रहर सांगणाऱ्या व्यवस्थेला गरिबाची मालमत्ता तेवढी पवित्र वाटत नाही, हे यानिमित्ताने दिसून येते.

त्या वाचनालयातील ते दोन संगणक केव्हाच भंगारात गेले. मॉडेम मात्र ग्रंथपालांनी जपून ठेवला होता. निवृत्त होताना त्यांनी तो कपाटातून काढून माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "टाकवत नाही हो. यात बिघाड नाही ना." आपल्या गावच्या शाळेची, वाचनालयाची, ग्रामपंचायतीची पुढली संगणक-खरेदी होईल, तेव्हा वाचकांपैकी कोणी ना कोणी त्या समितीत असेलच. निविदेच्या मसुद्यात ड्रायव्हरची ही एक ओळ घालण्याचा आग्रह त्याने धरावा, आणि ओळ खोडली गेली तर ती कोणी खोडली, हे जाहीरपणे विचारावे.